ईस्टबर्नच्या खडूच्या कड्यांवर या चुका टाळा

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला गेलेल्या बहुतेकांनी एक गोष्ट केलेली असते. पोटावर झोपायचं, सरपटत कडेपर्यंत जायचं आणि मान बाहेर काढून खालची दरी डोळे भरून बघायची. छातीखाली कातळ आहे, तो कुठे जात नाही, याची मनाला पक्की खात्री असते. हीच सवय अंगात मुरलेली आपली माणसं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईस्टबर्नला येतात, सेव्हन सिस्टर्सचे पांढरेशुभ्र कडे बघतात आणि नकळत तेच करायला जातात. गेली काही वर्षं मी लंडनच्या मराठी मंडळींना घेऊन या भागात चालायला येते. जवळजवळ दरवेळी पहिल्या अर्ध्या तासात कुणाला तरी दंडाला धरून मागे घ्यावं लागतं. घाबरट माणसाला नाही, चांगले पन्नास-साठ गडकोट पालथे घातलेल्या माणसाला.

म्हणून हे लिहिते आहे. या वाटा अवघड नाहीत, पण सह्याद्रीत शिकलेल्या काही गोष्टी इथे उलट्या पडतात.

कड्याच्या टोकावर विश्वास ठेवणे

इथला डोंगर कातळाचा नाही, खडूचा आहे. उपमा म्हणून नव्हे, खरोखरच खडू. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा थर साचत गेला, त्याचा हा दगड. या कड्यांमधल्या बर्लिंग गॅप या ठिकाणी समुद्रावर उतरून पडलेल्या ढेकळावर नख ओढून बघा, पांढरी भुकटी बोटाला लागते. त्यात मधूनमधून काळ्या गारेचे, म्हणजे चकमकीच्या दगडाचे पट्टे दिसतात. तेवढाच काय तो कठीण भाग.

असा मऊ दगड समुद्र खालून खातो. लाटा पायथा पोखरतात आणि वरचा भाग अधांतरी राहतो. वरून चालणाऱ्याला मात्र दिसतं ते छान हिरवं, मेंढ्यांनी कातरलेलं गवत, थेट कडेपर्यंत. त्या गवताखाली एक हात खडू आहे की काहीच नाही, हे वर उभं राहून कळायला काही मार्ग नाही. कोकणकडाही आत वळलेला आहे, पण तो बेसॉल्टचा. इथे आत वळलेला कडा म्हणजे पडायच्या बेतात असलेला कडा.

पडतो म्हणजे किती? ईस्टबर्नच्या बीची हेड या कड्याजवळ समुद्राच्या बाजूला डेव्हिल्स चिमणी नावाचा खडूचा उंच सुळका होता. २००१ साली, भरपूर पावसाचा हिवाळा सरल्यावर, तो ढासळला. त्याच्या पश्चिमेला बेल टूट नावाचं जुनं दीपगृह आहे. १८३०च्या दशकात ते बांधलं, तेव्हा कड्यापासून सुरक्षित अंतरावर होतं. कडा मागे सरकत सरकत इतका जवळ आला की १९९९ साली ती अख्खी दगडी इमारत जॅकने उचलून १७ मीटर मागे सरकवावी लागली. तिथून चालताना ती इमारत आणि कडा यांच्यातलं आजचं अंतर जरूर बघा. दहा सूचनाफलकांनी कळणार नाही ते एका नजरेत कळतं.

ही झीज रोज थोडी थोडी होत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं काही हलत नाही आणि एका सकाळी चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा एकदम खाली जातो. पावसाने खडू पाणी पितो, थंडीत ते पाणी गोठून फुगतं, भेगा रुंदावतात. म्हणून लांबलेल्या पावसानंतर आणि कडाक्याच्या थंडीनंतर जास्त जपायचं. पण उन्हाळ्यातही दरडी पडतातच. कडेला समांतर गेलेली बारीक भेग गवतात दिसली तर तिच्या पलीकडची जमीन गेली असं समजा.

माझा नियम साधा आहे. कडेपासून दहा मोठी पावलं. फोटो काढायचा असेल तर पाठ कड्याकडे करून मागे मागे सरकायचं नाही. २०१७ साली सेव्हन सिस्टर्सवर एक तरुण परदेशी विद्यार्थिनी फोटोसाठी हवेत उडी मारताना कड्यावरून पडून गेली. ती आठवण झाली की माझा आवाज चढतो, आणि चढू देते.

एखाद्याची टोपी उडाली, कुत्रा धावला, ड्रोन पडला तर मागे जायचं नाही. कुणी माणूस अडकला असेल तर ९९९ लावा आणि पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स न मागता 'कोस्टगार्ड' मागा. कड्यावरचं आणि किनाऱ्यावरचं बचावकार्य त्यांच्याकडे असतं.

कड्याखालीही तेच. किनाऱ्यावर भिंतीला टेकून डबा खायला बसलेली कुटुंबं मी दर उन्हाळ्यात बघते. सावली तिथेच मिळते हे खरं, पण शेजारी पडलेले पांढरे ढीग काल-परवा वर होते. कड्याच्या उंचीइतकं लांब बसता आलं नाही, तर निदान पाण्याच्या बाजूला सरका.

भरतीचा हिशोब मुंबईच्या सवयीने करणे

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी शिकवायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे माझ्या आजीला पाठ होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं हे इथेही तितकंच खरं. पण आजीचं गणित मुंबई-कोकणच्या समुद्राचं. इथे स्थानिक वेळापत्रकच बघायचं. उधाणाच्या दिवसांत इंग्लिश खाडीचं पाणी या किनाऱ्यावर सहा मीटरच्या घरात वर-खाली होतं, म्हणजे दोन मजली घर बुडेल इतकं.

आणि वेळापत्रक बघताना एक बारीक गोष्ट तपासा. काही छापील तक्ते वर्षभर ग्रिनिच वेळेतच असतात. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत इथलं घड्याळ एक तास पुढे असतं. तक्त्यात भरती दोनला लिहिली असेल तर तुमच्या घड्याळात तीन वाजलेले असतील. परतीची वेळ यावर ठरवणार असाल तर हा तास जीवघेणा आहे.

बर्लिंग गॅप ते ककमिअर हेवन, म्हणजे ककमिअर नदीचं मुख, हे अंतर कड्याखालून, समुद्रकिनाऱ्याने चालायचा मोह सगळ्यांना होतो. नकाशावर जेमतेम चार किलोमीटर दिसतात. पण पायाखाली वाळू नसते, गोटे असतात आणि निसरडे खडूचे खडक असतात. ताशी दोन किलोमीटरही होत नाहीत. या पूर्ण पट्ट्यात वर चढायला एकही वाट नाही. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला चढतं पाणी. बर्लिंग गॅपला उतरायला लोखंडी जिना आहे, पण वादळानंतर तोही बंद असू शकतो. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या-दुसऱ्या भेटीत खालून जाऊच नका. ओहोटीला जिन्याजवळ तास-दीड तास घालवा, खडकातल्या डबक्यांत खेकडे बघा, आणि पाणी फिरलं की वर या.

नदी ओलांडता येईल असं धरून चालणे

ही चूक आमच्याकडून झालेली आहे. पश्चिमेच्या सीफोर्ड गावाहून निघून सीफोर्ड हेडच्या उतारावरून ककमिअरच्या मुखाशी आलो. कॅलेंडरवर छापतात ते दृश्य समोर होतं: पुढे तटरक्षकांची जुनी घरं, मागे सातही बहिणी ओळीने. पलीकडचा किनारा हाताच्या अंतरावर. आणि मध्ये नदी. पूल नाही, होडी नाही. बरोबर माझा मामा होता, बहात्तर वर्षांचा, आणि त्याचं पाणी संपलं होतं. पुलासाठी आत एक्सीटपर्यंत जायचं, मग पलीकडच्या काठाने परत समुद्राकडे. चार-पाच किलोमीटरची ही भर आम्ही धरलेलीच नव्हती. मामा काही बोलला नाही, पण पुलापाशी कठड्याला हात टेकून तो जसा उभा राहिला ते मी विसरलेले नाही. त्या दिवशी तिथूनच बसने परत आलो.

ओहोटीला लोक तिथून पायी उतरताना दिसतात. त्यांच्यामागे जाऊ नका. वरून फोटोत दिसणारी वळणावळणाची नागमोडी नदी ही खरी नदी नाहीच. १८४०च्या दशकात सरळ कालवा खोदून प्रवाह त्यात वळवला, तेव्हापासून ती वळणं नुसती साचलेल्या पाण्याची आहेत. खरी नदी शेजारच्या बांधलेल्या सरळ पात्रातून वाहते, आणि भरती-ओहोटीच्या वेळी तिची ओढ भलतीच असते.

तेव्हा आधी ठरवा. कॅलेंडरमधला फोटो हवा असेल तर नदीच्या पश्चिमेला, सीफोर्डच्या बाजूला जायचं. बहिणींच्या अंगाखांद्यावरून चालायचं असेल तर पूर्वेला. दोन्ही हवं असेल तर एक्सीटचा पूल धरून वेळ मोजायचा.

'उंची ती काय, ७७ मीटर!'

सात बहिणींतली सगळ्यांत उंच हेवन ब्राऊ ७७ मीटरची आहे. राजगड-तोरणा करणाऱ्याला हा आकडा ऐकून हसू येतं. पण इथे एकदा चढून काम भागत नाही. चढ, लगेच तेवढाच उतार, पुन्हा चढ. सीफोर्ड ते ईस्टबर्न ही पूर्ण वाट २१-२२ किलोमीटरची, आणि सगळ्या चढांची बेरीज पाचशे मीटरच्या वर जाते. शेवटी, पाय बोलायला लागलेले असताना, बीची हेडचा १६२ मीटरचा चढ येतो. खडूच्या समुद्रकड्यांत ब्रिटनमधला हा सर्वांत उंच. बसत-खात सहा-सात तास धरा.

खरा त्रास उतारांचा. गवत कोरडं असलं तरी गुळगुळीत असतं. पाऊस पडून गेला असेल तर पायवाटेवरचा उघडा खडू साबणासारखा होतो आणि बुटाच्या खाचांत शाडूसारखा भरून बसतो. कितीही महागडा बूट असो, खाचा भरल्या की तळवा सपाट. अशा वेळी वाट सोडून शेजारच्या गवतावरून तिरकं उतरावं, अर्थात आतल्या बाजूच्या गवतावरून. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावीच. खेळाच्या बुटांत हिवाळ्यात येणाऱ्यांना मी आता सरळ दुसऱ्या वाटेला पाठवते.

पाणी वाटेत मिळेल ही आशा

आपल्या गडांवर टाकी असतात. कातळ पाणी धरतो, म्हणून ती खोदता आली. खडू पाणी धरत नाही. पडलेला सगळा पाऊस चाळणीतून जावा तसा खाली मुरतो. त्यामुळे या हिरव्यागार डोंगरांच्या माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. पूर्वीच्या मेंढपाळांनी मुद्दाम चिकणमातीने लिंपून डबकी केली होती, ती गुरांसाठी. झाडही नाही, सावली नाही. जूनच्या उन्हात वारा गार लागतो म्हणून तहान कळत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं.

माणशी दोन लिटर तरी घेऊन निघा. मध्ये एक्सीट, बर्लिंग गॅप आणि बीची हेड इथे खाण्यापिण्याची सोय आहे, पण हिवाळ्यात लवकर बंद होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा धपाटे बांधून नेलेले सगळ्यांत उत्तम. वाऱ्यात डबा उघडला की सँडविचची पानं उडतात, धपाटं उडत नाही.

वाऱ्याच्या तोंडावर चालणे

इथला वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून येतो. ईस्टबर्नहून निघून पश्चिमेला चाललात तर दिवसभर तो तोंडावर घ्यायचा. सीफोर्डहून किंवा एक्सीटहून निघून ईस्टबर्नकडे आलात तर पाठीवर. एवढ्या एका बदलाने वाट निम्मी सोपी होते. शिवाय शेवट ईस्टबर्नच्या गावात होतो, जिथून लंडनला थेट गाडी असते.

छत्री आणू नका. कड्यावर छत्री म्हणजे शीड. टोपीचं पावसाळी जॅकेटच हवं. धुकं दाटलं असेल, किंवा वारा असा असेल की बोलताना ओरडावं लागतंय, तर कडा त्या दिवशी सोडून द्या. यात काही गमावत नाही, कारण आतली वाट माझ्या मते किनाऱ्याइतकीच सुंदर आहे आणि आपली मंडळी तिकडे फिरकतच नाहीत. साउथ डाउन्स वे हा साउथ डाउन्स या खडूच्या डोंगररांगेवरचा, विंचेस्टरपासून ईस्टबर्नपर्यंतचा १६० किलोमीटरचा मार्ग. शेवटाला त्याचे दोन फाटे होतात: एक कड्यांवरून, दुसरा आतून जेव्हिंग्टन गावावरून अल्फ्रिस्टनला. हा आतला फाटा बारा-तेरा किलोमीटरचा. माथ्यावर चंडोल गात असतात आणि दोन्हीकडे शेतांच्या चौकटी पसरलेल्या असतात. वाट जरा वाकडी केली तर विंडओव्हर टेकडीच्या उत्तर उतारावर विल्मिंग्टनचा 'लाँग मॅन' दिसतो, दोन हातांत दोन काठ्या धरून उभी असलेली ७२ मीटरची मानवाकृती. अल्फ्रिस्टनमध्ये गवताने शाकारलेलं जुनं पाद्रीघर आहे. १८९६ साली वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने अवघ्या दहा पौंडांना घेतलेली ती त्यांची पहिली इमारत. चिपळूणच्या एका मैत्रिणीला मी तिथे नेलं, तर ती घरापेक्षा त्या शाकारणीकडेच बघत राहिली.

या वाटेवर खुणांचा अर्थ माहीत हवा. ओक झाडाच्या फळाचं चिन्ह म्हणजे राष्ट्रीय पायवाट. पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा बाण सायकल आणि घोड्यांसाठीही. निळ्यावर चालताना मागचा आवाज ऐकत राहा. फाटक उघडलंत तर लावून घ्या, गुरं असतात. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीही जाऊ नका. आणि उंच गवतातून आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची घडी नीट तपासा, गोचीड चिकटते. लाइम आजार तिच्यामुळे होतो.

नाव सारखं, जागा वेगळी

फोनमध्ये नुसतं 'सेव्हन सिस्टर्स' टाकू नका. लंडनच्या उत्तर भागात व्हिक्टोरिया लाइनवर याच नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. गाडी पकडायची असते व्हिक्टोरिया स्थानकातून, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. भारतातून नुकतंच आलेलं एक जोडपं असंच तिकडे पोचलं आणि त्यांचा अर्धा दिवस गेला. फोनमध्ये 'ईस्टबर्न', 'सीफोर्ड' किंवा 'बर्लिंग गॅप' असं गावाचं नाव टाका. व्हिक्टोरियाहून ईस्टबर्न साधारण दीड तास. सीफोर्डसाठी लुईसला गाडी बदलायची. एका गावात उतरून दुसऱ्या गावातून परतणार असाल तर परतीचं तिकीट दोन्हीकडे चालेल का, हे खिडकीवर आधी विचारा. रविवारी रुळांची कामं निघतात, तेही आदल्या रात्री बघा.

ब्रायटन ते ईस्टबर्न धावणारी १२ क्रमांकाची बस एक्सीटला आणि ईस्ट डीनला थांबते, बर्लिंग गॅपला जात नाही. ईस्ट डीनला उतरून दीड-दोन किलोमीटर चालावं लागतं. कड्यांच्या बाजूने जाणाऱ्या बस मोसमी असतात, त्यांच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना आणू नका.

आईवडील भेटीला आले असतील तर त्यांना बहिणींवर चढवण्याचा हट्ट कशाला? ईस्टबर्नचा समुद्रकाठचा फरसबंद रस्ता सपाट आहे, बाकं आहेत, १८७० साली खुला झालेला धक्का आहे. पश्चिमेला हॉलीवेलपर्यंत चालत गेलं की पांढरा कडा समोर उभा राहतो आणि परत यायला चढ नसतो. माझ्या आईने तिथल्या बाकावर बसून पाऊण तास समुद्र पाहिला.

एक वेगळी वाट मनात असू द्या, पण ती याच दिवशी कोंबू नका. ब्रायटनच्या उत्तरेला याच डोंगररांगेवर 'छत्री' नावाचं पांढरं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला होता. १९२१ साली स्मारक उभं राहिलं. तिथे मोटार जात नाही, शेतातून चालतच जावं लागतं. त्यासाठी स्वतंत्र दिवस काढा.

उशिरा निघणे

आपल्याकडे वर्षभर सहा-सातच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे शरीराचं घड्याळ तसंच असतं. इथे जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारला सूर्य बुडालेला. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात अकराला ईस्टबर्नला उतरून पूर्ण वाट धरणं म्हणजे शेवटचा कडा अंधारात चालणं. त्या महिन्यांत एक्सीट ते बर्लिंग गॅप एवढंच करा, सहा किलोमीटर, आणि ईस्ट डीनहून बस पकडा. विजेरी तरीही पिशवीत असू द्या. फोनच्या दिव्यावर राहू नका, थंडीत बॅटरी भराभर उतरते. फोन गेला तरी हातात काही असावं म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल २५ हा कागदी नकाशा मी नेहमी नेते. सगळ्या वाटा त्यावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या आहेत.

घरी आल्यावर बुटांवरचा पांढरा चिखल ओला असताना पुसायला जाऊ नका, तो कापडाच्या विणीत आणखी घुसतो. वर्तमानपत्रावर ठेवून रात्रभर वाळू द्या. सकाळी दोन्ही बूट एकमेकांवर आपटले की पापुद्रे सुटून पडतात, मग कोरडा ब्रश मारायचा.